एक टेलिफोन लाइन, चार संगणक : छोट्या कार्यालयातला डायल-अप गेटवे

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल निर्यात करणारे एक छोटे कार्यालय आहे असे समजा, आणि साल २००२ धरा. कार्यालयात चार संगणक आहेत. एकावर हिशेब चालतो, दुसऱ्यावर निर्यातीची कागदपत्रे तयार होतात, तिसऱ्यावर डिझायनर बॉर्डरचे नमुने काढतो आणि चौथा मालकांच्या टेबलावर असतो. बाहेर जाणारी टेलिफोन लाइन मात्र एकच आहे आणि फॅक्सचे यंत्रही तिच्यावरच लावलेले आहे. जर्मनीतला खरेदीदार आता फॅक्सऐवजी ई-मेल पाठवतो, नमुन्यांची छायाचित्रे मागतो. शिपिंग एजंटही ई-मेलचा पत्ता विचारू लागला आहे. मोडेम एकाच संगणकाला जोडलेला असल्यामुळे ज्याला मेल पाहायची असेल त्याला त्या खुर्चीवरच्या माणसाला उठवावे लागते. चार संगणकांना चार मोडेम लावले तरी लाइन एकच असल्याने प्रश्न तिथेच राहतो. यावरचा त्या काळातला उपाय म्हणजे सामाईक डायल-अप गेटवे: मोडेम सांभाळणारा एक संगणक, जो बाकीच्या सगळ्यांच्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलतो.

गेटवे म्हटले की जोडणी वाटून देणे हेच त्याचे मुख्य काम असेल असे वाटते. प्रत्यक्षात एक जोडणी चौघांत वाटणे हा त्यातला सोपा भाग आहे. लाइन केव्हा उचलायची, किती वेळ धरून ठेवायची आणि केव्हा ठेवून द्यायची हे ठरवणे हा अवघड भाग आहे. डायल-अप म्हणजे शेवटी एक टेलिफोन कॉल असतो. तो चालू असेपर्यंत एक्स्चेंजमधला मीटर फिरत राहतो, इंटरनेट कंपनीकडून आगाऊ घेतलेले तास संपत राहतात, आणि त्याच वेळी बाहेरून येणारा फोन किंवा फॅक्स अडून राहतो. विनाकारण चालू राहिलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत अशी तीन ठिकाणी मोजावी लागते. म्हणून माझ्या मते गेटवेची पारख करताना तो पाने किती वेगाने उघडतो यापेक्षा, कोणी काही मागत नसताना तो गप्प बसतो का, हे आधी पाहावे.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोजक्या मोठ्या शहरांत सुरू केली. जिथे सेवेचे केंद्र नव्हते तिथल्या ग्राहकाला मोठ्या शहरातल्या क्रमांकावर एसटीडी कॉल लावूनच जोडणी मिळवावी लागे, आणि तो खर्च छोट्या धंद्याला परवडण्यासारखा नव्हता. १९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना या क्षेत्रात येण्याची मुभा मिळाली, केंद्रे वाढली आणि स्थानिक कॉलच्या दरात इंटरनेट मिळू लागले. तरीही मीटर होताच. २००५च्या जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली, त्यानंतर लाइन उचलणे आणि ठेवणे हा प्रश्नच हळूहळू मागे पडला. आजच्या घरगुती राउटरच्या डबीत जी कामे एकवटलेली असतात, ती जुन्या गेटवेत एकेक करून हाताने जोडावी लागत, आणि म्हणूनच ती तिथे सुटी सुटी पाहता येतात.

सुरुवात लाइनपासून करू. टेलिफोनची लाइन माणसाचा आवाज पोचवण्यासाठी बांधलेली असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातल्या आवाजांनाच तिच्यातून वाट मिळते. मोडेम संगणकातल्या शून्य-एकचे या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजांत रूपांतर करतो आणि पलीकडचा मोडेम त्यांचे पुन्हा शून्य-एक करतो. व्ही-३४ या पद्धतीत अशा रीतीने सेकंदाला जास्तीत जास्त ३३.६ किलोबिट पाठवता येतात. १९९८ मध्ये आलेल्या व्ही-९० पद्धतीने हा आकडा ५६ पर्यंत नेला, पण फक्त येणाऱ्या माहितीसाठी. एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते, म्हणजे ६४ किलोबिट. इंटरनेट कंपनीचे टोक एक्स्चेंजशी थेट डिजिटल पद्धतीने जोडलेले असेल, तर तिकडून निघालेल्या माहितीचे आवाजात रूपांतर फक्त एकदाच, आपल्या जवळच्या एक्स्चेंजमध्ये होते, आणि त्यामुळे या ६४ मधला मोठा हिस्सा वापरता येतो. आपल्याकडून जाणारी माहिती मात्र आधी आवाज होऊनच तांब्याच्या तारेत शिरते, म्हणून तिला ३३.६ची मर्यादा राहते. एक्स्चेंजपर्यंतचे अंतर, तारेतले जोड आणि पावसाळ्यातला ओलावा यांमुळे ५६चा आकडा प्रत्यक्षात कधीच हाती येत नाही. ४० किलोबिट मिळाले तरी लाइन चांगली म्हणावी.

येणे जलद आणि जाणे संथ, ही गोष्ट निर्यातदाराच्या कामाला नेमकी आडवी येते. टॉवेलच्या बॉर्डरचे एक छायाचित्र ६०० किलोबाइटचे आहे असे धरा (एक बाइट म्हणजे आठ बिट). ई-मेलला जोडताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि आकार एक तृतीयांशाने वाढून सुमारे ८०० किलोबाइट होतो. पाठवण्याचा वेग २८.८ किलोबिट मिळाला, तर हे एक छायाचित्र जायला जवळजवळ पावणेचार मिनिटे लागतात. मोडेम स्वतः करतो त्या संक्षेपामुळे, म्हणजे माहिती दाबून लहान केल्यामुळे, त्यातला थोडा वेळ वाचतो इतकेच. अशी पाच छायाचित्रे म्हणजे पाव तासाहून अधिक वेळ लाइन अडकली, आणि तेवढ्या वेळात खरेदीदाराने फॅक्स पाठवायचा ठरवला तर त्याला लाइन व्यस्त मिळणार. तेच छायाचित्र पडद्यावर नीट दिसेल एवढ्या मापाचे करून १०० किलोबाइटच्या आत आणले, तर ते अर्ध्या-पाऊण मिनिटात जाते. गेटवे कितीही काळजीपूर्वक बांधला तरी ही शिस्त डिझायनरच्या टेबलावरच पाळावी लागते, हे मालकांनी आधीच सांगून ठेवलेले बरे.

मोडेम घेताना बाहेर ठेवायचा, सिरियल पोर्टला जोडायचा, दिवे असलेला मोडेम घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आत बसवायचे स्वस्त मोडेम बहुधा अर्धवट असतात. आवाजाचे गणित ते स्वतः करत नाहीत, ते संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतात, आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर बऱ्याचदा फक्त विंडोजसाठी मिळतो. बाहेरच्या मोडेमवर लाइन उचललेली आहे का, पलीकडचा मोडेम लागला आहे का, माहिती ये-जा करते आहे का, हे तीन दिवे पाहूनच कळते, आणि ज्याला संगणकातले काही कळत नाही असा शिपाईसुद्धा संध्याकाळी कार्यालय बंद करताना दिवा पेटलेला आहे की विझलेला, एवढे पाहू शकतो. संगणकाच्या सिरियल पोर्टमधली चिप १६५५० जातीची असावी. तिच्यात १६ बाइट साठवण्याची जागा असते; त्याआधीच्या चिपमध्ये एकच बाइट मावत असे आणि प्रोसेसर क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला की माहिती सांडत असे. संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग १,१५,२०० बिटांवर ठेवावा, म्हणजे मोडेमने संक्षेप उलगडून दिलेली माहिती तिथे तुंबत नाही.

मोडेमची तार थेट रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीत, लावावी. अनेक कार्यालयांत ती ईपीएबीएक्सच्या, म्हणजे बोलण्यातल्या इंटरकॉमच्या, एखाद्या एक्स्टेन्शनवर लावलेली असते आणि मग वेग ३३.६च्या वर का जात नाही हे कोणाला कळत नाही. डिजिटल ईपीएबीएक्स आवाजाचे आणखी एकदा रूपांतर करतो आणि व्ही-९०ची एकाच रूपांतराची अट तिथेच मोडते. दुसरा मार्गच नसेल तर बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य, मग थोडे थांबण्यासाठी स्वल्पविराम आणि त्यानंतर क्रमांक अशी आज्ञा द्यावी, आणि डायल टोनची वाट पाहू नको असे मोडेमला एक्स-३ या आज्ञेने सांगावे, कारण ईपीएबीएक्सचा टोन त्याला ओळखू येतोच असे नाही. त्याच लाइनवर दुसऱ्या खोलीत समांतर फोन असेल तर तो उचलताच जोडणी तुटते, आणि कॉल वेटिंगची सुविधा घेतलेली असेल तर तिच्या टोननेही तेच होते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडू लागल्या की टेलिफोनची तार रोझेटमधून काढून ठेवावी. विजेच्या लाइनवर यूपीएस असतो, टेलिफोनच्या तारेवर काहीच नसते, आणि मोडेम जळतात ते बहुधा त्याच बाजूने.

गेटवे म्हणून नवा संगणक घेण्याची गरज नसते. ३२ किंवा ६४ मेगाबाइट मेमरीचा जुना पेंटियम या कामाला पुरून उरतो, कारण ज्या वेगाने माहिती येते-जाते तो वेग त्याच्या दृष्टीने अगदी किरकोळ असतो. विंडोज ९८च्या १९९९ मध्ये आलेल्या सेकंड एडिशनमध्ये इंटरनेट जोडणी वाटून देण्याची सोय होती. ती चालू केली की तो संगणक स्वतः १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतो आणि बाकीच्यांना पत्ते वाटतो. दोन संगणक असतील तर ही सोय पुरेशी आहे. पण लाइन कोणत्या कारणासाठी उचलायची आणि कोणत्या कारणासाठी नाही, हे बारकाईने सांगण्याची मुभा तिथे फारशी नसते, आणि आपला मुख्य प्रश्न तोच असल्यामुळे पुढचे सगळे वर्णन लिनक्सवरच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवरच्या, गेटवेचे आहे.

कार्यालयातली अंतर्गत जोडणी म्हणजे प्रत्येक संगणकात एक नेटवर्क कार्ड, मध्ये आठ पोर्टांचा हब, म्हणजे सगळ्यांच्या केबल एकत्र जोडणारी डबी, आणि कॅट-५ केबल. टेलिफोनच्या बाजूचा वेग पाहता १० मेगाबिटचा जुना हबही दोनशे पट जलद ठरतो, म्हणून हबच्या जलद प्रकारावर, म्हणजे स्विचवर, खर्च करण्याचे कारण नाही. केबलची टोके मात्र नीट बसवावीत. आठ तारांचा प्रचलित क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा असतो. त्यात हिरव्या जोडीतल्या तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी, मध्ये निळी जोडी ठेवून का बसवतात, असा प्रश्न पडतो. माहिती पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-सहाव्या टोकांवरून जाते, आणि एकमेकींना पीळ दिलेली जोडी एकाच संदेशासाठी वापरली तरच बाहेरचा विद्युत गोंगाट एकमेकांत रद्द होतो. रंग ओळीने लावत गेले तर तिसरी आणि सहावी तार दोन वेगळ्या जोड्यांतल्या येतात. साध्या टेस्टरवर सगळे दिवे लागतात, छोट्या केबलवर काम चालतेही, पण मागांच्या शेडपर्यंत नेलेल्या लांब केबलवर माहिती मध्येच गळू लागते, आणि शेजारून पॉवरलूमच्या मोटरची केबल जात असेल तर हमखास गळते. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

आता पत्ते. इंटरनेट कंपनी आपल्याला प्रत्येक कॉलला एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक, देते, तोही तात्पुरता; आपले संगणक मात्र चार आहेत. खासगी वापरासाठी काही पत्ते १९९६ मध्ये कायमचे राखून ठेवण्यात आले, आणि १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. हे पत्ते कोणत्याही कार्यालयाने वापरावेत, फक्त ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. गेटवेला १९२.१६८.१.१ द्यावा आणि बाकीच्या संगणकांना त्यापुढचे.

खासगी पत्त्यावरून निघालेली माहिती बाहेर पाठवण्याच्या युक्तीला नॅट म्हणतात आणि लिनक्समध्ये तिचे नाव मास्करेड. कार्यालयातल्या आवक-जावक विभागासारखे हे काम चालते. समजा, हिशेबाच्या संगणकाने, म्हणजे १९२.१६८.१.५ने, आपल्या पोर्ट १०४२ वरून एका वेब सर्व्हरला विनंती पाठवली. (इथे पोर्ट म्हणजे संगणकातला कोणता संवाद आहे हे सांगणारा क्रमांक.) गेटवे त्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या पाकिटावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे आपला सार्वजनिक पत्ता लिहितो, पोर्टच्या जागी ६१००३ असा स्वतःचा जावक क्रमांक टाकतो आणि ही नोंद मेमरीतल्या तक्त्यात करून ठेवतो. त्याच क्षणी डिझायनरच्या संगणकानेही योगायोगाने १०४२ याच पोर्टवरून काही मागितले, तर त्याला ६१००४ मिळतो. उत्तर ६१००३ वर आले की गेटवे तक्ता पाहतो आणि ते हिशेबाच्या संगणकाकडे पाठवतो. ज्याची जावक नोंद नाही असे पॅकेट बाहेरून आले तर ते कोणाला द्यायचे हे त्याला माहीतच नसते, आणि म्हणून ते आत जात नाही. यात सुरक्षिततेचा फायदा आहे, पण तोटाही आहे: फाइली पाठवण्याच्या एफटीपीसारख्या काही जुन्या पद्धती आपला पत्ता पॅकेटच्या आतल्या मजकुरात लिहितात, आणि तिथला पत्ता बदलण्यासाठी गेटवेत वेगळा सहायक मॉड्यूल चढवावा लागतो.

मास्करेड ही पद्धत डायल-अपसाठीच योग्य का, हेही लक्षात घ्यावे. तिच्यात सार्वजनिक पत्ता आधी लिहून ठेवावा लागत नाही. त्या क्षणी पीपीपी जोडणीला (पीपीपी ही टेलिफोनवरून दोन संगणकांनी माहिती देण्या-घेण्याची पद्धत) जो पत्ता असेल तो ती उचलते, आणि जोडणी तुटली की जुन्या नोंदी विसरते. लिनक्सच्या २.२ कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, हे काम आयपीचेन्स करत असे. २००१च्या जानेवारीत आलेल्या २.४ पासून आयपीटेबल्स करू लागले.

प्रत्यक्ष कॉल लावताना काय घडते ते क्रमाने पाहू. चॅट नावाचा छोटा प्रोग्राम मोडेमला आज्ञा देऊन क्रमांक फिरवतो. पलीकडचा मोडेम उचलतो, दोघे लाइनची प्रत अजमावून वेग ठरवतात, आणि मग पीपीपी सुरू होते. पीपीपीमध्ये आधी दोन्ही बाजू जोडणीच्या अटी ठरवतात, नंतर ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड तपासला जातो, शेवटी पत्ता मिळतो आणि बहुधा कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या संगणकांचे, पत्तेही मिळतात. या सगळ्याला मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ जातो. पासवर्ड दोन पद्धतींनी तपासतात: पॅप पद्धतीत तो उघडपणे पाठवला जातो, चॅप पद्धतीत पलीकडून आलेल्या एका यादृच्छिक संख्येवर पासवर्डच्या मदतीने गणित करून फक्त उत्तर पाठवले जाते. कंपनी दोन्ही देत असेल तर चॅप निवडावी.

इथे पैशाचा पहिला सापळा आहे. पासवर्ड चुकीचा असेल किंवा आगाऊ घेतलेले तास संपले असतील, तरी कॉल लागलेला असतो आणि पलीकडच्या मोडेमने उचललेला असतो, म्हणजे मीटर पडलेला असतो. गेटवेला अपयश आल्यावर लगेच पुन्हा डायल करायला सांगितले असेल, तर तो रात्रभर असे कॉल लावत राहील. पीपीपीडी या प्रोग्रामला दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचे आणि सलग किती अपयशांनंतर प्रयत्न सोडून द्यायचा, हे सांगता येते. थांबण्याचा काळ निदान एक मिनिट आणि प्रयत्न तीन-चार, यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

मागणीनुसार डायल करणे हा गेटवेचा गाभा आहे. पीपीपीडीला तशी सूचना दिली की तो जोडणी नसतानाही एक खोटी वाट उघडी ठेवतो. तिच्यावर बाहेर जाणारे पॅकेट आले की कॉल लावतो, आणि ठरलेला वेळ काहीच गेले-आले नाही तर लाइन ठेवतो. ऐकायला हे सरळ आहे. पण पॅकेट माणसाने पाठवले की संगणकाने आपणहून पाठवले, हे गेटवेला कळत नाही, आणि विंडोजचे संगणक आपणहून फार बोलतात. ते एकमेकांची नावे शोधत असतात, त्यासाठी १३७ ते १३९ या पोर्टांवर पॅकेटे टाकतात, आणि ते जमले नाही तर तेच नाव डीएनएसला विचारतात. डीएनएसचा प्रश्न बाहेर जायला निघाला की लाइन उचलली जाते. कोणी तरी मेल प्रोग्राममध्ये दर दहा मिनिटांनी मेल पाहा अशी सूचना ठेवलेली असते, अँटिव्हायरस नव्या याद्या मागतो, एखादे वेब पान उघडे राहिले तर ते ठरावीक काळाने स्वतःला ताजे करत बसते. परिणाम असा की कार्यालयात चहा चाललेला असतो आणि मोडेम मात्र पुन्हा पुन्हा डायल करत असतो.

उपाय एकेक करूनच करावे लागतात. १३७ ते १३९ या पोर्टांवरची पॅकेटे बाहेर जाऊच नयेत असा नियम आधी घालावा. मग गेटवेवरच डीएनएसची उत्तरे लक्षात ठेवणारा छोटा सर्व्हर बसवावा. डीएनएसमास्क हा प्रोग्राम मोडेमवर चालणाऱ्या अशाच छोट्या नेटवर्कसाठी लिहिला गेला. कार्यालयातल्या संगणकांची नावे आणि खासगी पत्ते त्याला सांगून ठेवले की त्यांच्याबद्दलचे प्रश्न तो घरीच मिटवतो. वेब पानांसाठी स्क्विड हा कॅशे ठेवला, तर एकाने उघडलेले चित्र दुसऱ्याला पुन्हा टेलिफोनवरून आणावे लागत नाही. यानंतरही अनोळखी कारणाने डायल होत असेल तर अंदाज बांधत बसू नये. डायल होण्यापूर्वीचे पहिले पॅकेट कोणत्या संगणकाकडून आणि कोणत्या पोर्टकडे निघाले होते याची नोंद करायला लावावी. एक-दोन दिवसांत गुन्हेगार सापडतो.

लाइन ठेवण्याचाही असाच विचार करावा लागतो. बाहेरून येणारी निरर्थक पॅकेटे, म्हणजे कोणी तरी उघडी दारे चाचपून पाहत असतो ती, हालचाल म्हणून मोजली गेली तर रिकामेपणाचे घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यावर जाते आणि लाइन कधीच सुटत नाही. म्हणून कोणती पॅकेटे खरी हालचाल मानायची हे वेगळे सांगावे लागते. डायलडी नावाच्या प्रोग्राममध्ये आणखी एक चांगली सोय आहे. टेलिफोनचा हिशेब पल्समध्ये, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या टप्प्यांत, होत असेल, तर चालू पल्सचे पैसे लागलेलेच असतात. तो मध्येच सोडून काही वाचत नाही, उलट पुढच्याच मिनिटाला कोणी मेल पाहायला बसले तर नवा पल्स पडतो. डायलडीला पल्सची लांबी सांगितली की तो हातातला पल्स संपत येईपर्यंत लाइन धरतो आणि पुढचा पडण्याआधी सोडतो. एक्स्चेंजच्या मीटरची रीत ओळखून केलेली ही रचना मला फार आवडते.

लाइन ठेवताना सगळ्यात महाग पडणारी चूक केबलमध्ये लपलेली असते. फोन ठेव हे सांगण्यासाठी गेटवे सिरियल केबलमधल्या डीटीआर नावाच्या तारेवरचा संकेत खाली आणतो, आणि तो संकेत पाहून लाइन सोड, हे मोडेमला अँड-डी-२ या आज्ञेने सांगून ठेवलेले असावे लागते. केबल फक्त तीन तारांची, स्वस्तातली असेल तर डीटीआर मोडेमपर्यंत पोचतच नाही. संगणकाला वाटते लाइन ठेवली, आणि मोडेम ती धरून बसतो. कंपनीकडचे यंत्र काही वेळाने स्वतः सोडून देईल, या भरवशावर राहू नये. याच्या उलट, पलीकडची बाजू मेली आणि आपल्याला पत्ताच नाही, असेही होते. त्यासाठी पीपीपीमध्ये दर अर्ध्या मिनिटाला हाक मारण्याची सोय आहे, आणि सलग चार हाकांना ओ आली नाही तर जोडणी संपली असे धरावे.

मेलची व्यवस्था वेगळी लावली तर लाइनचा निम्मा वापर आपोआप कमी होतो, असे मला वाटते. चौघांनी आपापल्या संगणकावरून आपल्या सोयीने मेल पाठवण्याऐवजी सगळ्यांनी ती गेटवेकडे द्यावी. गेटवे ती रांगेत ठेवतो. जोडणी लागताच आपोआप चालणाऱ्या आयपी-अप या स्क्रिप्टमधून रांगेतली सगळी मेल सोडतो आणि फेचमेलच्या मदतीने चौघांची आलेली मेल एकदमच उतरवून घेतो. नंतर ज्याला जेव्हा वाचायची असेल तेव्हा ती कार्यालयातल्या नेटवर्कवरूनच, टेलिफोनला हात न लावता वाचता येते. वेळा ठरवताना घड्याळातला फरक धरावा. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, म्हणजे तिथे सकाळी नऊला कार्यालय उघडते तेव्हा इथे दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. सकाळी एकदा, मग दुपारी दोन, चार आणि सहाला जोडणी करावी, आणि फॅक्सची वाट असेल त्या दिवशी मधली एखादी वेळ गाळावी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत कार्यालय बंद ठेवायचे असेल, तर हे वेळापत्रकही बंद करून जावे.

वेगाबद्दल एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेटवर्कवरचे पॅकेट साधारण १५०० बाइटचे असते, आणि ३३.६ किलोबिटच्या वाटेने ते बाहेर पडायला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून अधिक वेळ लागतो. डिझायनरचे छायाचित्र चालले असताना अशी दहा पॅकेटे पुढे रांगेत असतील, तर हिशेबनिसांची छोटीशी विनंती साडेतीन सेकंद ताटकळते. पॅकेटचा कमाल आकार ५७६ बाइट ठेवला आणि रांग छोटी केली की मोठी फाइल किंचित हळू जाते, पण बाकीच्यांचे काम अडत नाही.

सुरक्षिततेसाठी बाहेरच्या बाजूने येणारे सगळे नाकारावे आणि आतून सुरू झालेल्या संवादाची उत्तरे तेवढी आत घ्यावीत. त्या वर्षांत काही दुष्ट प्रोग्राम संगणकात शिरून मोडेमला परस्पर परदेशातले महागडे क्रमांक लावायला सांगत. गेटवे असला की कामाच्या संगणकांना मोडेमच नसतो, त्यामुळे हा धोका मुळातच टळतो. तरी लाइनला आयएसडी लॉक, म्हणजे परदेशी कॉल बंद करणारे कुलूप, लावून घ्यावे. भारनियमनाच्या काळात गेटवे, हब आणि मोडेम तिन्ही यूपीएसवर ठेवावेत, आणि डिस्कवर ईएक्सटी-३ ही फाइल व्यवस्था वापरावी, कारण २००१च्या अखेरीस कर्नलमध्ये आलेल्या या व्यवस्थेमुळे अचानक वीज गेल्यावर सगळी डिस्क तपासत बसावी लागत नाही. कार्यालय शेडला लागून असेल तर कापसाचे तूस पंख्यात अडकून संगणक तापतो. महिन्यातून एकदा तो उघडून साफ करावा.

पीपीपीडी प्रत्येक जोडणी संपल्यावर ती किती मिनिटे चालली आणि किती बाइट गेले-आले याची नोंद लिहितो. या नोंदींची बेरीज टेलिफोनच्या बिलाशी ताडून पाहावी. नोंदींत मिनिटे थोडी आणि बिल मोठे असेल तर मोडेम लाइन सोडत नाही किंवा अपयशी कॉल वारंवार लागत आहेत, असे समजावे. मिनिटे पुष्कळ पण बाइट अगदी थोडे असतील तर रिकामेपणाचे घड्याळ कोणी तरी अडवत आहे. आणि मिनिटे, बाइट व बिल तिन्ही एकमेकांशी जुळत असून खर्च वाढलेला असेल, तर गेटवेत दोष नाही, कार्यालयाचे कामच वाढले आहे. अशा वेळी इंटरनेटसाठी दुसरी लाइन घ्यावी किंवा आयएसडीएनची, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनची, चौकशी करावी, कारण त्याच्या साध्या जोडणीत प्रत्येकी ६४ किलोबिटचे दोन मार्ग असतात आणि एकावर इंटरनेट चालू असताना दुसऱ्यावर खरेदीदाराचा फोन घेता येतो.